छापील इर्जिक : टायनी बेसिक आणि ‘डॉ. डॉब्ज जर्नल’ची जन्मकथा

१/ जानेवारी १९७६. कॅलिफोर्नियातील मेन्लो पार्क या गावातून एका लांबलचक नावाच्या नियतकालिकाचा पहिला अंक निघाला : ‘डॉ. डॉब्ज जर्नल ऑफ टायनी बेसिक कॅलिस्थेनिक्स अँड ऑर्थोडोन्शिया’. कॅलिस्थेनिक्स म्हणजे कवायत, ऑर्थोडोन्शिया म्हणजे वाकडे दात सरळ करण्याची विद्या. डॉब नावाचा डॉक्टर अस्तित्वातच नव्हता. तीन अंक काढून हे प्रकाशन थांबवायचे ठरले होते. प्रत्यक्षात ते २००९ पर्यंत छापले गेले.

२/ ‘ओपन सोर्स’ हा शब्दप्रयोग १९९८ मधला. त्याच्या बावीस वर्षे आधी, इंटरनेट सामान्य माणसाच्या कल्पनेतही नसताना, एकमेकांना कधीही न भेटलेल्या माणसांनी मिळून एक सॉफ्टवेअर घडवले, सुधारले आणि वाटून टाकले. त्यांची कार्यशाळा म्हणजे या नियतकालिकाची पाने. सामूहिक निर्मितीसाठी सामूहिक लेखनाची जागा किती आवश्यक असते, याची ही कथा आहे. #मराठी_थ्रेड

३/ पार्श्वभूमी. १९७० च्या दशकाच्या आरंभी संगणक ही विद्यापीठे, बँका, सरकारी खाती आणि लष्कर यांची मालमत्ता होती. सामान्य नागरिकाचा त्याच्याशी संबंध येई तो बिलावरील आकड्यांपुरता. हे चित्र बदलावे असे वाटणाऱ्यांत बॉब अल्ब्रेक्ट हे एक होते. कंट्रोल डेटा या संगणक कंपनीत काम केलेले हे गृहस्थ पुढे मुलांना प्रोग्रॅमिंग शिकवण्याच्या ध्यासाने भारले गेले.

४/ ऑक्टोबर १९७२ मध्ये अल्ब्रेक्ट यांनी ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’ नावाचे वार्तापत्र सुरू केले. नावात ‘कंपनी’ असली तरी ती व्यापारी पेढी नव्हती. जॅनिस जॉप्लिन या गायिकेच्या ‘बिग ब्रदर अँड द होल्डिंग कंपनी’ या वाद्यवृंदाच्या नावावरून ते सुचले होते. संगणक आज माणसांविरुद्ध वापरला जातो, तो माणसांसाठी वापरला जावा, अशा आशयाची घोषणा पहिल्याच अंकाच्या मुखपृष्ठावर होती. वृत्तपत्री कागद, हाताने काढलेली चित्रे, मधूनच खेळांचे प्रोग्रॅम, असा त्याचा थाट.

५/ या मंडळींची आवडती भाषा होती बेसिक. १९६४ मध्ये डार्टमथ महाविद्यालयात जॉन केमेनी आणि थॉमस कुर्ट्झ यांनी ती घडवली होती. गणित वा विज्ञान हा ज्यांचा विषय नाही अशा विद्यार्थ्यांनाही संगणक हाताळता यावा, हा तिचा हेतू. आज्ञा सोप्या इंग्रजी शब्दांत असत आणि प्रत्येक ओळीला क्रमांक असे. मात्र ती चालत असे ती मोठ्या यंत्रांवर.

६/ मग जानेवारी १९७५ मध्ये ‘पॉप्युलर इलेक्ट्रॉनिक्स’ मासिकाच्या मुखपृष्ठावर अल्टेअर ८८०० झळकला. न्यू मेक्सिकोतील आल्बुकर्की येथील ‘मिट्स’ या छोट्या कंपनीचा हा संगणक सुट्या भागांच्या स्वरूपात चारशे डॉलरच्या आत मिळत होता. घरी आणायचा, डाख देऊन जोडायचा. कंपनीच्या अपेक्षेपलीकडे मागण्या आल्या.

७/ पण जोडून झाल्यावर करायचे काय? मूळ यंत्रात २५६ बाइट मेमरी होती. या एका परिच्छेदाचा मजकूरही तीत मावला नसता. कीबोर्ड नाही, पडदा नाही. दर्शनी भागावर स्विचेस आणि लुकलुकणारे दिवे. एकेक स्विच वर-खाली करून एकेक बाइट भरायचा आणि उत्तर दिव्यांच्या उघडझापीतून वाचायचे. संगणक घरात आला होता, पण त्याच्याशी बोलायला भाषा नव्हती.

८/ ती भाषा पुरवण्याची संधी दोन तरुणांनी ओळखली. बिल गेट्स आणि पॉल ॲलन यांनी अल्टेअरसाठी बेसिक लिहिले. त्यातील दशांश अपूर्णांकांच्या आकडेमोडीचा भाग माँटे डेव्हिडॉफ यांनी लिहिला. याच कामातून १९७५ मध्ये मायक्रोसॉफ्ट जन्मली. अल्टेअर बेसिक ४०९६ बाइटांत मावणारे, कसबी काम होते यात शंका नाही.

९/ अडचण होती किमतीची. मिट्सकडून मेमरी-कार्ड वगैरे घेणाऱ्यास बेसिक सवलतीत मिळे. नुसते बेसिक घ्यायचे तर किंमत अनेक पटींनी जास्त. त्यातच मिट्सच्या मेमरी-कार्डांविषयी तक्रारी फार होत्या, म्हणून हौशी मंडळी इतरांकडून कार्डे घेत. म्हणजे सवलत हवी तर नको असलेले कार्ड घ्या, नाहीतर जबर दाम मोजा. या कोंडीतून दोन वाटा निघाल्या.

१०/ पहिली वाट नकलेची. ५ मार्च १९७५ रोजी मेन्लो पार्कमधील गॉर्डन फ्रेंच यांच्या गॅरेजमध्ये ‘होमब्रू कॉम्प्युटर क्लब’ची पहिली बैठक भरली होती. या क्लबाच्या वर्तुळात त्याच वर्षी अल्टेअर बेसिकची छिद्रे पाडलेली कागदी फीत पोहोचली. मिट्सच्या एका प्रदर्शनातून ती उचलली गेली होती. तिच्या नकला निघाल्या, वाटल्या गेल्या, आणि नकलांच्याही नकला निघाल्या.

११/ दुसरी वाट निर्मितीची, आणि आपली कथा तिची आहे. अल्ब्रेक्ट यांनी स्टॅनफर्डमध्ये शिकवणारे आपले मित्र डेनिस ॲलिसन यांना गळ घातली : लहान यंत्रांवर मावेल असे छोटे बेसिक आखून द्या. १९७५ च्या वसंतात ‘पीपल्स कॉम्प्युटर कंपनी’मध्ये ‘आपले बेसिक आपणच बनवा’ अशा अर्थाच्या मथळ्याने लेखमाला सुरू झाली. भाषेचे नाव ठरले टायनी बेसिक, म्हणजे चिमुकले बेसिक.

१२/ लेखमालेचा सूर मोठा गमतीचा आहे. तुम्ही सात वर्षांचे आहात असे समजा, असे ती वाचकाला सांगते. सात वर्षांच्या मुलाला दशांश अपूर्णांकांशी काय कर्तव्य? तेव्हा ते वगळले. उरल्या पूर्णांक संख्या, उणे ३२७६८ ते ३२७६७ या मर्यादेतल्या. चले सव्वीसच, इंग्रजी मुळाक्षरांइतकी. छापा, विचारा, अमुक असेल तर तमुक करा, अमक्या ओळीवर जा, अशा मोजक्या आज्ञा.

१३/ ॲलिसन यांनी तयार प्रोग्रॅम दिला नाही; आराखडा दिला. भाषेचे व्याकरण नेमकेपणाने मांडले आणि ते राबवण्यासाठी एक मधली सांकेतिक भाषा सुचवली. या मधल्या भाषेचा अर्थ लावणारा छोटा भाग आपल्या यंत्रासाठी लिहिला की वरचा डोलारा तसाच वापरता येईल, अशी योजना. त्यामुळे निराळा प्रोसेसर असलेल्या माणसालाही या कामात शिरायला दार राहिले.

१४/ लेखाखालची नावेही बोलकी आहेत. डेनिस ॲलिसन यांच्या जोडीला तिथे ‘मित्रमंडळी’ अशा अर्थाचा मोघम उल्लेख आढळतो. एका नावाखाली सारे श्रेय गोळा करण्याची घाई तिथे दिसत नाही. हा आराखडा सर्वांसमोर मांडला आहे, करून पाहा आणि काय झाले ते कळवा, असे लेखमालेचे म्हणणे होते. अर्धवट काम उघड्यावर मांडण्याचे धाडस म्हणजेच या प्रकल्पाची पहिली वीट.

१५/ वाचकांनी खरोखरच कळवले. टेक्सास राज्यातील टायलर गावचे डिक व्हिपल आणि जॉन अर्नोल्ड या दोघांनी १९७५ अखेर पत्र धाडले : आमच्याकडे टायनी बेसिक चालू झाले आहे. त्यांनी मूळ आराखड्यात भर घालून आवर्तनाची आज्ञा आणि संख्यांच्या सारण्यांची सोयही केली होती. सारे सुमारे ३ किलोबाइटांत. टायलर ते मेन्लो पार्क हे अंतर अडीच हजार किलोमीटरच्या घरातले. दोन टोकांना जोडणारा दुवा एकच : डाकेने येणारे वार्तापत्र.

१६/ आता प्रश्न जागेचा आला. संपूर्ण कोड छापायचा तर पानामागून पान आकड्यांनी भरणार. सामान्य वाचकांच्या वार्तापत्रात ते शोभणार नव्हते. म्हणून फक्त टायनी बेसिकला वाहिलेली तीन अंकांची वेगळी पुरवणी काढावी, असे ठरले. डेनिस आणि बॉब या नावांची मोडतोड करून ‘डॉब’ तयार झाला, आणि अंकाची मांडणी करणाऱ्या कलाकाराने बाकीची गंमत जोडली.

१७/ घोषवाक्यही त्याच धाटणीचे : ‘रनिंग लाइट विदाउट ओव्हरबाइट’. इंग्रजीत ‘ओव्हरबाइट’ म्हणजे वरचे दात खालच्या दातांपुढे येणे. आणि मेमरीचा घटक तोही बाइट. बाइटांची उधळपट्टी न करता हलक्या पावलांनी धावा, असा श्लेष. दातांच्या विद्येचा आणि कवायतीचा खुलासा असा होतो : प्रोग्रॅम सडपातळ ठेवा, मेमरीचा एकेक बाइट वाचवा.

१८/ प्रतिसाद असा आला की तीन अंकांची मर्यादा गळून पडली. गणिताचे माजी प्राध्यापक जिम वॉरन संपादक झाले. दुसऱ्या अंकापासून नावातील ‘टायनी बेसिक’ जाऊन ‘कॉम्प्युटर’ हा व्यापक शब्द आला. एका प्रोग्रॅमचे पत्रक एका समाजाचे नियतकालिक बनले. मग त्याच्या पानांवर प्रत्यक्षात काय घडत होते, ते जवळून पाहण्याजोगे आहे.

१९/ व्हिपल आणि अर्नोल्ड यांचा कोड अष्टमान अंकांत छापला गेला. ० ते ७ एवढेच अंक, रकान्यांमागून रकाने. तो घेण्याचा मार्ग एकच : समोर अंक ठेवून एकेक आकडा यंत्रात भरायचा. हजारो बाइटांतला एक जरी चुकला तरी सारा खटाटोप फसणार, आणि चूक कुठे झाली हे यंत्र सांगणार नाही. चूक वाचकाची आहे, छपाईची आहे की मूळ लेखकाची, हेही कळायला मार्ग नसे.

२०/ म्हणून पुढचा अंक महत्त्वाचा. त्यात मागील कोडातल्या दुरुस्त्या येत, वाचकांची पत्रे येत, कोणी अमुक जागी चार बाइट वाचवल्याचे सांगे, कोणी निराळ्या जोडणीच्या टंकयंत्रासाठी करावा लागणारा बदल कळवी. आज एखाद्या मुक्तस्रोत प्रकल्पात दोषनोंदणी, सुधारणांची देवाणघेवाण, आवृत्त्यांचा इतिहास आणि नवागतांसाठी मार्गदर्शन ही चार वेगळी कामे असतात. इथे चारही कामे एकाच अंकाच्या दोन मुखपृष्ठांमध्ये होत.

२१/ मार्च १९७६ मध्ये फ्रेड ग्रीब यांचे ‘डेन्व्हर टायनी बेसिक’ छापून आले. एप्रिलमध्ये एरिक म्युलर यांचे ‘मिनॉल’. आकाराने पावणेदोन किलोबाइट, आणि कर्ता शाळकरी विद्यार्थी. त्याला कोणी वय विचारले नाही, पदवी विचारली नाही. कोड चालतो की नाही, एवढीच प्रवेशपरीक्षा. नियतकालिकाची पाने सर्वांना खुली असण्याचा अर्थ असा प्रत्यक्षात उतरला.

२२/ सर्वांत गाजली ती ली-चेन वांग यांची ‘पालो आल्टो टायनी बेसिक’ ही १९७६ च्या मध्यावरची आवृत्ती. ती १.७७ किलोबाइटांत मावत होती, म्हणजे जेमतेम अठराशे बाइट. त्याहून अधिक गाजली ती कोडाच्या शिरोभागी लिहिलेली एक ओळ. ‘कॉपीराइट, सर्व हक्क राखीव’ या ठराविक इंग्रजी वाक्याची थट्टा करत वांग यांनी लिहिले होते : ‘कॉपीलेफ्ट, ऑल राँग्ज रिझर्व्ह्ड’. उजव्याचे डावे केले आणि हक्कांच्या जागी चुका राखून ठेवल्या.

२३/ थट्टेचे परिणाम गंभीर झाले. वांग यांनी कोड आपल्या खास पद्धतीच्या संक्षिप्त शब्दांत लिहिला होता. रॉजर रॉस्कोल्ब यांनी तो इंटेलच्या प्रमाण शब्दांत उतरवला, सुधारला, आणि डिसेंबर १९७६ मध्ये ‘इंटरफेस एज’ या दुसऱ्याच मासिकात छापला. शिरोभागी वांग यांचे नाव कायम, त्याखाली आपली भर, आणि ‘कॉपीलेफ्ट’ची ओळ जशीच्या तशी. दुसऱ्याचे काम पुढे नेण्याची आणि त्याचे नाव न पुसण्याची शिस्त कोणत्याही नियमावलीविना रुजत होती.

२४/ दरम्यान पहिल्या वाटेवर, म्हणजे नकलेच्या वाटेवर, वादळ उठले होते. ३ फेब्रुवारी १९७६ रोजी वीस वर्षांच्या बिल गेट्स यांनी हौशी संगणकप्रेमींना उद्देशून एक खुले पत्र लिहिले. होमब्रू क्लबाच्या वार्तापत्रासह अनेक ठिकाणी ते छापले गेले. अल्टेअरच्या मालकांपैकी दहा टक्क्यांहूनही कमी लोकांनी बेसिक विकत घेतले आहे, तुमच्यातील बहुतेक जण सॉफ्टवेअर चोरतात, असा त्यांचा थेट आरोप होता.

२५/ गेट्स यांचा हिशेब असा : या कामासाठी वापरलेल्या संगणकवेळेचे मोलच ४०,००० डॉलरहून अधिक, आणि मिळालेल्या मानधनाचा भागाकार केला तर ताशी दोन डॉलरही पडत नाहीत. त्यांचा प्रश्न बिनतोड होता : व्यावसायिक दर्जाचे काम फुकटात करणे कोणाला परवडेल? तीन माणसांची श्रमवर्षे खर्ची घालून, दोष शोधून, सारे लिहून काढून, ते मोफत वाटणारा हौशी माणूस कोण आहे?

२६/ आज या पत्राची टवाळी करणे सोपे आहे, पण ते अन्यायाचे ठरेल. नकला करणाऱ्यांनी दुसऱ्याचे श्रम विनापरवाना घेतले होते, हे खरेच आहे. मात्र गेट्स यांच्या प्रश्नाचे एक उत्तर त्याच महिन्यांत, त्याच देशात छापून येत होते. टायलरचे दोघे, डेन्व्हरचा एक, एक शाळकरी मुलगा आणि पालो आल्टोचे वांग, हे सारे नेमके तेच करत होते.

२७/ जिम वॉरन यांनी हे उत्तर शब्दांत मांडले. जुलै १९७६ मध्ये संगणकतज्ज्ञांच्या एका व्यावसायिक पत्रिकेत टायनी बेसिकची हकिकत सांगताना ते म्हणाले, त्याचा आशय असा : गेट्स यांनी मांडलेल्या अडचणीवर व्यवहार्य पर्याय आहे. सॉफ्टवेअर मोफत असेल, किंवा नक्कल करण्यापेक्षा विकत घेणे सोपे वाटावे इतके स्वस्त असेल, तर ते चोरीला जाणारच नाही.

२८/ ‘इतके स्वस्त’ याचा पुरावाही हाताशी होता. टॉम पिटमन यांनी ॲलिसन यांच्या आराखड्यावरून, त्यातल्या मधल्या भाषेच्या युक्तीसह, मोटोरोला ६८०० साठी आणि पुढे ६५०२ या प्रोसेसरसाठी टायनी बेसिक लिहिले आणि फक्त पाच डॉलरला विकले. मोफत आणि महाग यांच्यामधली ही तिसरी जागा. लोकांनी खरोखर पाच डॉलर पाठवले. सामूहिक आराखड्यातून व्यक्तीची रास्त कमाईही होऊ शकते, हे यातून दिसले.

२९/ तरीही ही निर्मळ विजयाची गोष्ट नाही. १९७७ मध्ये रेडिओ शॅकच्या दुकानांतून टीआरएस-८० हा संगणक सुमारे ६०० डॉलरला विक्रीस आला. त्याचे निर्माते स्टीव्ह लेनिंगर यांनी त्यातील ‘लेव्हल वन बेसिक’ उभारले ते वांग यांच्या पालो आल्टो टायनी बेसिकच्या पायावर. यात चोरी नव्हती, कारण मनाई कोणी केलीच नव्हती. पण कंपनीने केलेल्या सुधारणा समाजाकडे परत येण्याची तजवीजही कोणी केली नव्हती.

३०/ वांग यांचा ‘कॉपीलेफ्ट’ हा विनोद होता, करार नव्हे. अमेरिकी प्रताधिकार कायद्यात संगणक-प्रोग्रॅमची व्याख्याच मुळी १९८० मध्ये आली. सद्भावनेवर चाललेल्या देवाणघेवाणीला कायद्याचे कुंपण नव्हते, आणि लेव्हल वननंतर टीआरएस-८० वर आलेले ‘लेव्हल टू बेसिक’ तर मायक्रोसॉफ्टचेच होते. चिमुकल्या बेसिकने दार उघडून दिले आणि त्यातून आत आला तो ज्याला पर्याय म्हणून ते जन्मले होते तोच.

३१/ कुंपण घालण्याचे काम पुढच्या पिढीने केले. रिचर्ड स्टॉलमन यांनी १९८३ मध्ये ग्नू प्रकल्पाची घोषणा केली. ‘कॉपीलेफ्ट’ हा शब्द त्यांच्यापर्यंत वांग यांच्या कोडातून नव्हे, तर १९८४-८५ च्या सुमारास डॉन हॉपकिन्स यांनी धाडलेल्या एका पाकिटावरील तशाच थट्टेतून पोहोचला. १९८९ च्या जीपीएल परवान्याने थट्टेला कायदेशीर कलम बनवले : वापरा, बदला, पण बदललेले वाटायचे असेल तर त्याच मोकळिकीसह वाटा.

३२/ आणि स्टॉलमन यांचा ग्नू जाहीरनामा मार्च १९८५ मध्ये छापून आला तो कुठे? ‘डॉ. डॉब्ज जर्नल’मध्ये. टायनी बेसिकचे वय सरले होते, पण त्याच्यासाठी मांडलेला फड उठला नव्हता. १९८० मध्ये रॉन केन यांचा ‘स्मॉल-सी’ हा कंपायलर संपूर्ण कोडासह याच पानांवर आला. १९९१ मध्ये विल्यम आणि लिन जोलिट्झ यांनी युनिक्स ३८६ प्रोसेसरवर कसे आणले, याची लेखमालाही इथेच सुरू झाली.

३३/ इथे इतिहासाच्या विद्यार्थ्याने थांबून पाहावे असे काही आहे. आपण तंत्रज्ञानाचा इतिहास बहुधा वस्तूंचा म्हणून वाचतो : अमुक यंत्र, अमुक प्रोग्रॅम, अमुक संशोधक. टायनी बेसिक वस्तू म्हणून काही वर्षांत कालबाह्य झाले. टिकले ते त्याच्याभोवती जमलेले वाचक-लेखक, आणि अपुरे काम नावानिशी चारचौघांत मांडण्याची सवय. ती सवय अंगी बाणवली नियतकालिकाने.

३४/ आपल्याकडे शेतकऱ्यांत इर्जिकीची रीत होती. एकाच्या रानात नांगरट करायला गावचे शेतकरी आपापली बैलजोडी घेऊन येत. मजुरी नाही, पण यजमानाने सर्वांना पोटभर जेवू घालायचे. टायनी बेसिक ही तशीच इर्जिक, फक्त बांधावर नव्हे तर कागदावर घातलेली. नांगर धरणाऱ्यांची नावे कोडाच्या शिरोभागी राहिली. वांग, व्हिपल, अर्नोल्ड, ग्रीब यांना आज थोडेफार तरी लोक ओळखतात.

३५/ पण जेवण कोणी रांधले? आलेली पत्रे वाचणे, अष्टमान रकाने तपासणे, पाने जुळवणे, पत्ते लिहिणे, दुरुस्त्या पुढच्या अंकात न विसरता घालणे, हे काम करणारे हात पडद्याआड राहिले. गेट्स यांनी विचारले होते, फुकट कोड कोण लिहील? १९७६ ने त्याचे उत्तर दिले. सर्वांचे लेखन एकत्र आणण्याचे न दिसणारे काम वर्षानुवर्षे कोण करील, हा प्रश्न तेव्हाही अवघड होता.

३६/ ‘डॉ. डॉब्ज’ची छपाई २००९ मध्ये थांबली आणि २०१४ अखेर नवे लेखनही बंद झाले. पुष्कळ मुक्तस्रोत प्रकल्प आजही कोडाअभावी मरत नाहीत; काय चालले आहे हे एकमेकांना सांगणारे कोणी उरत नाही, तेव्हा ते विझतात. म्हणून पन्नास वर्षांपूर्वीच्या त्या अंकांकडे पाहताना वांग यांच्या खोडकर ओळीइतकेच लक्ष दुरुस्त्यांच्या चौकटीकडेही जावे. इर्जिक जिवंत राहिली ती तिथे. (समाप्त)

#इतिहास #संगणकाचा_इतिहास #मराठी_थ्रेड